आभासी यंत्रांची मंदगती : दोष वाटेचा की कोठाराचा ?



संगणक रेंगाळू लागला, की कचेरीत पहिला उद्गार निघतो तो ‘आज लाइन स्लो आहे’ असा. या उद्गारात तथ्य नसतेच असे नव्हे. परंतु पुष्कळदा तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. मग मागणीपत्र तयार होते, निविदा निघते, नवा स्विच येतो, नव्या केबली पसरल्या जातात. आणि एवढा खर्च होऊनही पडद्यावरचे चक्र पूर्वीप्रमाणेच फिरत राहते. सार्वजनिक पैशाचा असा अपव्यय टाळावयाचा, तर मंदपणाचे मूळ शोधण्याची रीत माहीत असणे अगत्याचे आहे. ही रीत समजण्यास अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. थोडे अंकगणित आणि पुष्कळशी चिकाटी एवढ्यावर काम भागते.

आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात एकाच मोठ्या संगणकाचे अनेक ‘भासमान’ संगणक करण्याचे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. आज तीच कल्पना लहान सर्व्हरवरही नांदते. एका यजमान सर्व्हरच्या पोटात दहा-पंधरा पाहुणे संगणक असतात. प्रत्येकाला वाटते की आपली स्वतंत्र मेमरी आहे आणि स्वतंत्र डिस्क आहे. वास्तविक त्याची ‘डिस्क’ म्हणजे एक मोठी फाइल असते, आणि ती फाइलही बहुधा यजमानाजवळ नसते. ती दूरच्या साठवण यंत्रात, केबलीच्या दुसऱ्या टोकाला असते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये पुढे आणलेली एनएफएस पद्धत आणि २००४ मध्ये प्रमाणित झालेली आयस्कझी पद्धत या दोन वाटांनी ही ने-आण प्रामुख्याने चालते.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. कोठार सामायिक असले, म्हणजे एक यजमान बंद पडला तरी त्याचे पाहुणे दुसऱ्या यजमानाच्या घरी काही मिनिटांत उभे राहू शकतात. घर जळाले तरी धान्य कोठारात सुरक्षित, असा हा प्रकार होय. मात्र या सोयीची किंमत म्हणून प्रत्येक अक्षराला वाटेचा प्रवास करावा लागतो, आणि सगळ्या पाहुण्यांना एकाच कोठाराच्या दारात उभे राहावे लागते.

मंदपणाचा विचार करताना दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. नळपाणी योजनेत नळीचा व्यास निराळा आणि टाकीवरून पाणी घरापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ निराळा. व्यास मोठा असला तरी पहिला थेंब लवकर येईलच असे नाही. तद्वत नेटवर्कचीही रुंदी वेगळी आणि विलंब वेगळा. एका गिगाबिटच्या वाटेवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट माहिती जाऊ शकते. व्यवहारात ११० च्या आसपास हाती लागते. तंत्रज्ञ येतो, एक मोठी चित्रफीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पाठवून पाहतो, ११० चा आकडा दिसतो आणि ‘नेटवर्क उत्तम आहे’ असा शेरा मारून तो निघून जातो. शेरा खरा असतो. परंतु कचेरीचे काम म्हणजे चित्रफीत नव्हे. नोंदवहीत एक ओळ लिहिणे, सूची चाळणे, दुसरी ओळ लिहिणे असे लहान लहान, विखुरलेले व्यवहार हे तिचे काम. तेथे रुंदी जवळजवळ वापरलीच जात नाही; सगळा खेळ विलंबाचा असतो.

हा विलंब कोठून येतो हे जुन्या फिरत्या डिस्कच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. शीर्षाला योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी आठ-नऊ. दोन्ही मिळून साधारण १३ मिलिसेकंद झाले. सेकंदात अशा फेऱ्या किती होतील? पंचाहत्तर ते ऐंशी. प्रत्येक फेरीत ४ किलोबाइट उचलले, तर सेकंदाला जेमतेम ३०० किलोबाइट माहिती हाती येते. जी डिस्क सलग वाचनात शंभराहून अधिक मेगाबाइट देते, तीच विखुरलेल्या कामात तिच्या तीनशेव्या हिश्श्यावर येते. यात डिस्कचा दोष नाही. तो लोखंडाच्या हालचालीचा नियम आहे. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारा भाग नसल्याने तीच संख्या हजारोंच्या घरात जाते.

आता या ऐंशी फेऱ्यांच्या दारात चार पाहुणे उभे करावेत, आणि प्रत्येकाने आठ मागण्या पुढे केल्या आहेत असे मानावे. एकूण ३२ मागण्या रांगेत. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे : रांगेतील संख्येला कामाच्या वेगाने भागले, की प्रतीक्षेचा सरासरी काळ मिळतो. ३२ भागिले ८० म्हणजे ०.४ सेकंद. प्रत्यक्षात डिस्क मागण्यांचा क्रम सोयीने लावून थोडा वेळ वाचवते, पण हिशेबाची जात बदलत नाही. एकेका बारीक मागणीला चार दशांश सेकंद, आणि एक पडदा उघडण्यासाठी अशा पन्नास मागण्या एकामागून एक. तेव्हा वीस सेकंद चक्र फिरले तर आश्चर्य कसले? रेशनच्या दुकानासमोर रांग लांबली तर रस्ता रुंद करून धान्य लवकर मिळत नाही, हे ग्रामपंचायतीच्या सदस्यांस सांगावयास नकोच.

येथवर वाचनाचा विचार झाला. खरा पेच लेखनाचा आहे, आणि त्यावर थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे, कारण मंदपणाच्या नावाखाली सर्वाधिक हानी येथेच केली जाते.

साधे पत्र आणि पोचपावतीचे रजिस्टर्ड पत्र यांतील फरक सर्वांना ठाऊक आहे. साधे पत्र पेटीत टाकले की टाकणारा मोकळा. पोचपावतीच्या पत्रात सही होऊन कार्ड परत येईपर्यंत काम पुरे झाले असे मानता येत नाही. संगणकाच्या लेखनातही हेच दोन प्रकार आहेत. माहितीकोश जेव्हा एखादा फेरफार, एखादी पावती, एखादे वेतनदेयक कायम करतो, तेव्हा तो साठवण यंत्राकडे पोच मागतो. ‘माहिती मेमरीत ठेवली’ एवढे उत्तर त्याला चालत नाही. वीज गेली तरी टिकेल अशा जागी ती लिहिली गेली, ही ग्वाही हवी असते. एनएफएसच्या १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने लेखनाची रीत थोडी सैल केली, आधी ढीगभर पाठवून शेवटी एकदा पोच मागण्याची मुभा दिली. तरीही व्हीएमवेअरसारखा यजमान एनएफएसवरील आपल्या पाहुण्यांचे प्रत्येक लेखन पोचपावतीनेच पाठवतो, कारण त्यातले कोणते महत्त्वाचे आणि कोणते बिनमहत्त्वाचे, हे ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नसते.

परिणामी असे घडते, की साठवण यंत्र रिकाम्या हाताने बसलेले दिसते, नेटवर्कचा शंभरावा भागही वापरात नसतो, यजमानाचा प्रोसेसर सुस्तावलेला असतो आणि तरीही काम पुढे सरकत नाही. सगळेच एकमेकांच्या पोचेची वाट पाहात थांबलेले असतात. नवख्या तंत्रज्ञाला हे चित्र चक्रावून टाकते, कारण त्याच्या पडद्यावरील एकही काटा लाल झालेला नसतो.

मग कोणीतरी एक युक्ती सांगतो. एनएफएसच्या सर्व्हरवर ‘सिंक’ हा शब्द आहे तेथे ‘एसिंक’ लिहावा. झेडएफएस वापरात असेल तर ‘सिंक’ची मांडणी ‘डिसेबल्ड’ करावी. केव्हीएमचा यजमान असेल तर डिस्कची कॅश ‘अनसेफ’ ठेवावी. युक्ती अचाट परिणाम दाखवते. काल सेकंदाला ऐंशी लेखने होत होती, आज हजारो होतात. तक्रारी थांबतात, तंत्रज्ञाची पाठ थोपटली जाते. झाले काय, तर टपालवाटप्याने पत्र पोहोचविण्याआधीच पोचपावतीवर स्वतः सही करावयास सुरुवात केली! शेवटच्या पर्यायाचे नावच ‘असुरक्षित’ असे ठेवून त्याच्या कर्त्यांनी आपले कर्तव्य बजावले आहे. वाचणाऱ्याने ते वाचावे एवढेच राहते.

वीज सुरळीत आहे तोवर काहीच बिघडत नाही, आणि यातच धोका आहे. समजा, दुपारी पुरवठा खंडित झाला, बॅटरीने दगा दिला आणि साठवण यंत्र बंद पडले. झेडएफएस मेमरीत जमलेले लेखन काही सेकंदांच्या अंतराने डिस्कवर उतरवते. नेहमीची मांडणी पाच सेकंदांची असते. यंत्र पुन्हा सुरू होते तेव्हा झेडएफएस स्वतः शाबूत असते. पण त्या शेवटच्या सेकंदांतील लेखने नाहीशी झालेली असतात आणि पाहुण्या संगणकाला त्याची वार्ता नसते. त्याच्या लेखी पोच मिळालेली आहे. तो आपल्या स्मरणातील नोंदींवर पुढच्या नोंदी रचीत जातो, आणि पायाखालची वीट नसल्याचे काही दिवसांनी, कदाचित काही महिन्यांनी, एखादी फाइल उघडेनाशी झाल्यावर कळते. खिडकीवर पैसे भरून छापील पावती घेऊन गेलेल्या माणसाची नोंद दप्तरी नसते. त्याने पावती दाखवावी आणि कारकुनाने ‘आमच्याकडे नोंद नाही’ असे सांगावे, यात दोघेही खरे बोलत असतात. अशा प्रसंगी शासनाच्या शब्दाची जी किंमत होते, तिच्या तुलनेत वाचलेले सेकंद क्षुल्लक होत.

यावर योग्य उपाय नाही असे नाही. पोच लवकर मिळेल पण खोटी असणार नाही, अशी व्यवस्था करता येते. झेडएफएसमध्ये पोचेच्या लेखनासाठी एक स्वतंत्र लहान, जलद ड्राइव्ह नेमता येतो. लेखन प्रथम तेथे टिपले जाते, पोच दिली जाते आणि मग सवडीने ते मुख्य डिस्कांवर उतरते. कारकुनाने कच्च्या खर्ड्यात त्वरित टिपून घ्यावे आणि सायंकाळी खतावणी करावी, तसे हे आहे. हा ड्राइव्ह मोठा असण्याची गरज नाही. गिगाबिटच्या वाटेने दहा सेकंदांत सव्वा गिगाबाइटहून अधिक माहिती येऊच शकत नाही, यावरून त्याच्या आकाराचा अंदाज करावा. मात्र एक अट कटाक्षाने पाळावी लागते : वीज जाताच हाती असलेले लेखन पुरे करण्याइतका विद्युतसाठा त्या ड्राइव्हच्या अंगातच हवा. घरगुती वापराच्या स्वस्त एसएसडीमध्ये तो बहुधा नसतो. मग पोचेचे लेखन तिलाही जड जाते, आणि जाहिरातीतील वेगाचा मागमूसही राहात नाही. शिवाय हा उपाय केवळ पोचेच्या लेखनाचा आहे. वाचन मंद असेल तर त्याने काडीचाही फरक पडत नाही. तेथे मेमरी वाढवणे अथवा मुख्य साठाच एसएसडीवर नेणे हा मार्ग होय.

शोध कोठून सुरू करावा? पाटबंधारे खात्यातील मंडळींना कालव्याची गळती शोधण्याची रीत माहीत आहे : मुखाशी मोजावे, वाटेत मोजावे, शेवटी मोजावे आणि कोणत्या दोन ठिकाणांमध्ये पाणी कमी झाले ते पाहावे. येथेही तेच करावयाचे. प्रथम साठवण यंत्रावरच, नेटवर्कला मध्ये न आणता, डिस्कांचा वेग मोजावा. मग ‘आयपर्फ’सारख्या साधनाने डिस्कला न शिवता केवळ वाट मोजावी. त्यानंतर यजमानावरून वाट आणि कोठार दोन्ही मिळून, आणि सरतेशेवटी पाहुण्याच्या आतून. व्हीएमवेअरच्या ‘ईएसएक्सटॉप’ साधनात हीच फोड तयार मिळते : साठवण यंत्राकडे व वाटेत गेलेला वेळ वेगळा, यजमानाच्या आत गेलेला वेगळा आणि पाहुण्याला जाणवलेला एकूण वेगळा. यजमानाच्या आतच दोन मिलिसेकंदांहून अधिक वेळ सतत जात असेल, तर रांग तेथे आहे. कोठारावर ठपका ठेवण्याचे कारण नाही. लिनक्सवर ‘आयओस्टॅट’ प्रत्येक डिस्कची सरासरी प्रतीक्षा दाखवतो.

मोजमापात एक फसगत नित्य होते. काही जण शून्यांनी भरलेली फाइल लिहून वेग काढतात. साठवण यंत्र शून्यांना दाबून अक्षरशः काहीच लिहीत नाही, आणि सेकंदाला दोन हजार मेगाबाइट असा हास्यास्पद आकडा अहवालात चढतो. चाचणीची फाइल साठवण यंत्राच्या मेमरीहून मोठी असावी, तिच्यातील मजकूर विस्कळीत असावा, ४ किलोबाइटची विखुरलेली लेखने एकामागून एक, प्रत्येकाची पोच घेऊन करावीत. ‘एफआयओ’ या साधनाने हे सर्व साधते. आणि ही चाचणी कामाच्या वेळेत चालत्या यंत्रावर करू नये, हेही सांगून ठेवलेले बरे.

बाकीची कारणे किरकोळ वाटतात, पण त्यांचा उपद्रव किरकोळ नसतो. गिगाबिटला केबलीतील चारही जोड्या लागतात; एक जोडी तुटली तर दोन्ही टोके बहुधा निमूटपणे १०० मेगाबिटवर उतरतात आणि ११० चे ११ होतात. स्विचवरील दिव्याचा रंग पाहिला तरी ते उमगते. मोठ्या आकाराच्या, ९,००० बाइटच्या, पाकिटांची मांडणी दोन टोकांना केली आणि मधल्या स्विचवर राहून गेली, तर लहान पाकिटे जातात व मोठी हरवतात. मग साधा ‘पिंग’ यशस्वी होतो आणि साठवण मात्र अडखळते. दोन केबली एकत्र बांधल्या म्हणजे वेग दुप्पट होतो हाही गैरसमजच. एक जोडणी साधारणपणे एकाच केबलीने जाते. दुसरी केबल दुसऱ्या जोडणीच्या उपयोगी पडते.

‘काल ठीक होते, आज अचानक मंद झाले’ अशी तक्रार असेल तर रेड कंट्रोलरची बॅटरी आधी तपासावी. ती मृत झाली की कंट्रोलर आपली लेखनाची कॅश आपणहून बंद करतो, आणि ते रास्तच करतो. एखादी डिस्क मरणपंथाला लागली असेल, तर तीच एक अक्षर पुन्हा पुन्हा वाचत बसते व सारा संच तिच्यासाठी खोळंबतो. स्नॅपशॉट घेऊन विसरणे ही तर सार्वत्रिक खोड आहे. व्हीएमवेअरच्या मार्गदर्शनात एक स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक ठेवू नये असे सांगितलेले असताना वर्षभराचे स्नॅपशॉट सुखेनैव वाढत असतात. पाहुण्याला मेमरी अपुरी दिली तर तो डिस्कलाच मेमरी म्हणून राबवतो. दुखणे पोटाचे आणि ओरड पायाची, असे तेथे होते. झेडएफएसचा साठा ८० टक्क्यांपुढे भरू देऊ नये. आणि बॅकअप, विषाणूतपासणी व सकाळी सर्व यंत्रे एकदम सुरू होणे, या तिन्हींची वेळ एक आली तर उत्तम साठवण यंत्रही वाकते. तेथे रुपयाही खर्च न करता केवळ वेळापत्रक बदलून भागते.

खरेदी करावयाचीच झाली, तर किती टेराबाइट याआधी सेकंदाला किती लेखने, हा प्रश्न विचारावा. बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या रेड पद्धतीत जागा आणि वेग यांचा सौदा असतो. रेड-५ मध्ये एका लहान लेखनासाठी जुनी माहिती वाचणे, जुनी समता वाचणे, नवी माहिती लिहिणे, नवी समता लिहिणे अशा चार फेऱ्या पडतात. रेड-६ मध्ये सहा. जोडीजोडीने प्रती ठेवणाऱ्या रेड-१० मध्ये दोन. सेकंदाला ७५ फेऱ्यांच्या चार डिस्क घेतल्या तर रेड-५ मध्ये ७५ लेखने मिळतात, रेड-१० मध्ये १५०. जागा मात्र पहिल्यात तीन डिस्कांची आणि दुसऱ्यात दोनच डिस्कांची. कचेरीच्या आभासी यंत्रांसाठी दुसरा सौदा बहुधा किफायतशीर ठरतो. जुन्या चित्रफिती जपून ठेवावयाच्या असतील तर पहिला. निविदेत डिस्कच्या लेखनपद्धतीचाही स्पष्ट उल्लेख असावा. २०२० मध्ये असे उघडकीस आले, की साठवण यंत्रांसाठी म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्क कौलांप्रमाणे एकावर एक पट्टे रचून लिहिणाऱ्या होत्या व माहितीपत्रकात तसे नमूद नव्हते. अशा डिस्क विखुरलेल्या लेखनात आणि संच पुन्हा उभारताना फार मागे पडतात.

दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच वारी, एकाच वेळी, एकाच चाचणीने घेऊन नोंदवहीत तारखेसह लिहावा. एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकत्र केल्यास गुण कोणत्याने आला हे कळत नाही आणि पुढील बिघाडात सगळे पहिल्यापासून शोधावे लागते. ही नोंदवही साठवण यंत्राच्या फायलींत ठेवू नये. ती कागदाची असावी, आणि यंत्राच्या खोलीत दाराजवळ टांगलेली असावी.